न दिसणाऱ्या कवचाची जाडी

लोणावळ्याचा पाऊस तुम्हांला ठाऊक असेलच. त्या चार महिन्यांत तेथील खिडक्यांच्या लोखंडी गजांवर तांबूस गंज चढतो. अंगणात राहिलेले ॲल्युमिनिअमचे पातेले मात्र फार तर मळकट दिसते. असे का? ॲल्युमिनिअमचा ऑक्सिजनशी संयोग होत नाही, असे समजू नका. उलट तो लोखंडाहून लवकर होतो! पण लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, तर ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडचा थर घट्ट चिकटून खालच्या धातूचे रक्षण करतो.

या थराची जाडी अवघी 2 ते 4 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन ते चार पट! मग ती मोजायची कशी? येथे वीज मदतीला येते.

समजा, ॲल्युमिनिअमची पट्टी बोरॅक्सच्या द्रावणात बुडवली आहे. ऑक्साइड हा विजेचा दुर्वाहक. त्याच्या एका बाजूस धातू, दुसऱ्या बाजूस द्रावण, दोन्ही वाहक. दोन वाहकांमध्ये दुर्वाहक, म्हणजे धारित्रच झाले! धारित्रातून प्रत्यावर्ती प्रवाह जाऊ शकतो. त्याला होणाऱ्या अडथळ्यास संरोध म्हणतात. थर जितका जाड, तितकी धारकता कमी आणि संरोध जास्त.

आता आकडेमोड करू. पट्टीला 8 व्होल्टचा एकदिश दाब दिला, तर थर वाढून सुमारे 10 नॅनोमीटर होतो. अशा 1 चौरस सेंटिमीटर थराची धारकता सुमारे 0.8 मायक्रोफॅरड भरते. सेकंदाला 50 आवर्तने असतील, तर त्याचा संरोध सुमारे 4,000 ओहम येतो. जाडी दुप्पट झाली, की तो 8,000 ओहम होतो. मोजताना दाब काही मिलिव्होल्टच ठेवतात. त्यामुळे थराला धक्का लागत नाही.

थराला छिद्र असेल तर? द्रावण धातूला भिडते व प्रवाहाला आडवाट मिळते. आवर्तने कमी करीत नेली, की निर्दोष थराचा संरोध वाढतच जातो; सच्छिद्र थराचा मात्र मध्येच थांबतो.

लोखंडावरील रंगाच्या थरालाही हीच परीक्षा लावता येते. खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले. लोणावळा, वळवण येथील तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून पोलादी नळांतून तेथे उतरते. तळाशी त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नास पट! अशा नळाला गंज परवडेल काय? रंगात पाणी मुरू लागले, की संरोध घसरतो. गंज डोळ्यांना दिसण्यापूर्वीच सूचना मिळते.

घाटातून जाताना ते नळ दिसले, तर त्यांवरील रंगाकडेही जरूर पाहा.