पंचनाम्याआधीचा पैसा

आपत्तीसाठीचा सरकारी पैसा आपल्याकडे पडझड झाल्यावरच हलतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, पंचनामा होतो, नुकसान निकषांत बसले की मदत मंजूर होते. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९० मध्ये राज्यांना आपत्ती निवारण निधी मिळाला. त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. दर वेळी दिल्लीशी घासाघीस करण्यापेक्षा हे कितीतरी बरे होते, पण निधी होता मदतीचाच.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आली. भूकंप फार मोठा नव्हता, घरे जीवघेणी होती. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, आतला आणि बाहेरचा थर सांधणारा आरपार दगड नाही आणि गळती थांबवायला वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेली माळवदे. जागतिक बँकेच्या कर्जातून नवी गावे वसली. भेगा पडूनही उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणालाही पैसे मिळाले. पण दगडी भिंतीवरचा विश्वासच उडाला होता. अनेकांनी त्या पैशांत जुन्या घराशेजारी नवी खोली बांधली. मला त्यांचे चुकले असे वाटत नाही. भिंतीत आरपार दगड बसवला की घर तगते, हे त्यांना पटेल असे समजावायला पुरेशी माणसेच नव्हती.

ओडिशाने दुसरा धडा दिला. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर निवारे, इशारायंत्रणा, गावोगावची पथके यांवर सलग खर्च झाला आणि २०१३ च्या फायलिनमध्ये बळी काही डझनांवर थांबले. माणसे वाचली, संसार मात्र नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने कोकणातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा हेच दिसले. मदत हेक्टरी आणि वाडी गुंठ्यांची, त्यामुळे पदरी पडायची रक्कम अगदीच तुटपुंजी. शेवटी नारळ-सुपारीला झाडामागे दर लावावा लागला. पण उन्मळलेल्या सुपारीच्या जागी लावलेले रोप धरायला पाच-सहा वर्षे जातात आणि त्या वर्षांच्या बुडीत उत्पन्नाचा पंचनामा कुणीच करत नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीनंतरच्या मदतीसाठी प्रतिसाद निधी आणि त्यासोबत आधीच धोका कमी करण्यासाठी शमन निधी, अशी दोन्हींची तरतूद होती. प्रतिसाद निधी २०१० मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय शमन निधी मात्र २०२१ पर्यंत कागदावरच राहिला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांना १,६०,१५३ कोटी रुपये ठरवून दिले आणि त्यातले २० टक्के, म्हणजे सुमारे ३२ हजार कोटी, शमनासाठी राखले. तीस वर्षांतला हा सर्वांत मोलाचा बदल मी मानतो. वाटा कमी आहे, हेही खरे. त्याहून मोठी अडचण यंत्रणेची आहे. मदत वाटायला तहसील कार्यालय पुरते, दरड थोपवायला भूवैज्ञानिक, आराखडा आणि निविदा लागते. हे करणारे मनुष्यबळ जिल्ह्यात नसेल, तर निधी पडून राहतो.

शिवाय पैसा धोकादायक गावांच्या यादीमागे जातो. माळीण गाव २०१४ मध्ये दरडीखाली गाडले गेले, तळिये २०२१ मध्ये. या याद्या त्यानंतर पुन्हा चर्चेत आल्या. तरीही जुलै २०२३ मध्ये जिच्यावर डोंगर कोसळला ती इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. शमन निधीतला पहिला रुपया संरक्षक भिंतीआधी सह्याद्रीतल्या वाड्यावस्त्यांच्या सर्वेक्षणावर खर्च व्हावा, दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा व्हावे आणि त्यात वाडीतल्या माणसांनी दाखवलेल्या नव्या भेगा नोंदवल्या जाव्यात.