लाल ठिपका

आमच्या गल्लीत रोज सकाळी कचरा न्यायला एक मावशी येतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लोणच्याची बरणी माझ्या हातून निसटली. काचा गोळा केल्या, भाजीच्या देठांबरोबर पिशवीत भरल्या आणि गाठ मारून दिल्या. दुसऱ्या दिवशी मावशींचा हात फडक्यानं बांधलेला. ‘‘कुणाच्या तरी पिशवीत काच होती बघा ताई,’’ एवढंच म्हणाल्या. कुणाच्या, ते मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. बचत गटात आरोग्यावर तावातावानं बोलणारी मी!

तो सल मनात असतानाच दिवाळीला भाची आली. ती पुण्यात एसएनडीटीमध्ये शिकते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं हे बायकांचं विद्यापीठ. तिनं तिथली एक हकिगत सांगितली.

विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांना अक्षरओळख करून देऊ लागल्या. पण नुसत्या फळा-खडूनं भागेना. मग त्या बायकांबरोबर थेट कचराकुंडीपर्यंत गेल्या. तिथं कळलं, की या बायकांची पहिली गरज वेगळीच आहे. खरकट्यानं भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. तोच कागद घरातूनच कोरडा, वेगळा मिळाला, तर चार पैसे जास्त सुटतात आणि घाणीत हातही घालावा लागत नाही.

यातूनच १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे महापालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली. जिला लोक चोर म्हणून हाकलायचे, तिच्या गळ्यात ओळखपत्र आलं! २००८ पासून ‘स्वच्छ’ या स्वतःच्याच सहकारी संस्थेमार्फत पालिकेशी करार करून या बायका घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या.

भाचीनं आणखी एक सांगितलं, ते ऐकून मी खालीच पाहिलं. वापरलेली सॅनिटरी पॅड्स आपण काळ्या पिशवीत दडवतो. आपल्याला लाज वाटते म्हणून. पण ती पिशवी उघडते दुसरीच बाई, उघड्या हातांनी. पुण्यात यावर साधा उपाय निघाला. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला, की पुडी उघडायची नाही. २०१६ सालच्या केंद्राच्या नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून देणं घरच्यांचीच जबाबदारी ठरली.

पर्यावरण म्हटलं, की आपल्याला झाडं आठवतात. आपली घाण कुणाच्या हातात जाते, हाही पर्यावरणाचाच प्रश्न आहे, हो ना?

दुसऱ्या दिवशी मावशींना चहाला थांबवलं आणि म्हटलं, ‘‘ती काच माझ्याच घरची होती.’’ त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘मला ठाऊक होतं. लोणच्याचा वास येत होता.’’

आता आमच्या घरी दोन डबे आहेत. काच वेगळी, जाड कागदात गुंडाळून, हातात देते. आणि कपाटात लाल स्केचपेन ठेवलंय. बचत गटातल्या सतरापैकी नऊ जणींनी ठेवलंय. उरलेल्या आठ जणींच्या मागे लागले आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात आहे का?