अबू : एक उन्हाळा, एक हिवाळा

व्यापारी कुटुंबाची सहल बहुधा मे महिन्यातच निघते. मुलांना सुट्टी असते आणि मार्चअखेरचे हिशेब हातावेगळे झालेले असतात. आम्हीही माउंट अबूला प्रथम गेलो ते १९९४च्या मे महिन्यात. थोरले बंधू, ज्यांना घरात सर्वजण भाऊ म्हणतात, वहिनी, मी, पत्नी आणि दोन्ही घरांची मुले. वडिलांचे कापडदुकान भाऊ सांभाळीत. मी बँकेच्या नोकरीत गावोगाव फिरत होतो.

अबूरोड स्थानकावर उतरलो तेव्हा उन्हाच्या झळा लागत होत्या. तेथून अठ्ठावीस किलोमीटरचा घाट चढून सुमारे बाराशे मीटर उंचीवर आलो आणि वारा बदलला. देवांनी नखांनी खोदला अशी दंतकथा असलेला नक्की तलाव गावाच्या मधोमध आहे. वरच्या कड्यावर पाण्यात उडी घेण्याच्या बेतात असलेल्या बेडकासारखा खडक दिसतो. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग याच पाण्यात विसर्जित झाला. मुलांना मात्र नौकाविहाराची ओढ होती आणि नौकांसाठी लांबच लांब रांग होती.

दुपारी आम्ही देलवाड्यास गेलो. विमलशहांनी १०३१ साली उभारलेली आदिनाथांची विमलवसही आणि वस्तुपाल-तेजपाल बंधूंनी १२३०च्या सुमारास उभारलेली नेमिनाथांची लूणवसही, दोन्ही मंदिरे आम्ही तासाभरात ‘उरकली’. लूणवसहीच्या सभामंडपात छतातून झुंबरासारखे उतरलेले संगमरवरी कमळ पाहत भाऊ खाली बसले. मी घड्याळ दाखवून म्हणालो, “भाऊ, चला. चौविहार करून सूर्यास्ताला पोचायचे आहे.” ते उठले. पायऱ्या उतरताना एवढेच म्हणाले, “हे मंदिर दोन भावांनी मिळून बांधले, आणि आपल्याला येथे अर्धा तास एकत्र बसायला सवड नाही.”

ते वाक्य माझ्या मनाच्या खतावणीत येणे बाकी म्हणून राहिले. पुढे बदल्या झाल्या, बढत्या आल्या, भावांचे दुकान मुलाकडे गेले. पुन्हा जाण्याचा योग आला तो माझ्या निवृत्तीनंतर, २०१८च्या जानेवारीत. भाऊ तेव्हा बहात्तर वर्षांचे होते आणि गुडघे कुरकुरत होते. या वेळी आम्ही दोघेच होतो.

हिवाळ्यातील अबू वेगळेच. जानेवारीत पारा कित्येकदा शून्याला टेकतो. सकाळी गवतावर आणि काठाला बांधलेल्या नौकांवर दव गोठून पांढरे झाले होते. सूर्य उगवायलाच सव्वासात होत असल्याने नवकारसी आठनंतर. मावळतो सहाच्या सुमारास, त्यामुळे चौविहार करणाऱ्याने साडेपाचलाच ताटावरून उठलेले बरे. तलावाभोवतीची फेरी आम्ही सावकाश पूर्ण केली. वाटेत कोणाचा धक्का लागला नाही.

देलवाड्यात अनवाणी पावलांखाली संगमरवर बर्फासारखा लागत होता. भाऊ म्हणाले, “या थंडीत कारागिरांनी छिन्नी कशी धरली असेल रे?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रबंधपरंपरेत आहे. काम रेंगाळते आहे असे दिसल्यावर तेजपालांची पत्नी अनुपमादेवी हिने शिल्पी शोभनदेव याला कारण विचारले. डोंगरावर थंडी फार, पहाटे हात चालत नाहीत, दुपारी माणसे स्वयंपाकासाठी घरी जातात, असे त्याने सांगितले. तिने कारागिरांना शेगड्या दिल्या, जेवणाची सोय कामाजवळच केली आणि रात्रीसाठी वेगळी माणसे नेमली. माणसांना दोष देण्यापूर्वी तिने त्यांची अडचण विचारली. ज्यांच्या दुकानात चार नोकर आहेत त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तिचीच दुसरी कथा मला बँकेच्या माणसाला अधिक भावते. दोघे बंधू धन पुरायला गेले असता जमिनीत आणखीच धन सापडले. आता हे ठेवावे कोठे? अनुपमादेवी म्हणाली की, डोंगराच्या माथ्यावर ठेवा. सर्वांना दिसेल, पण कोणालाही नेता येणार नाही. आयुष्यभर मी लोकांच्या ठेवी सांभाळल्या. एवढी सुरक्षित ठेव पाहिली नाही.

त्या दिवशी आम्ही कमळाखाली दोन तास बसलो. भाऊ वडिलांविषयी बोलले, दुकानाच्या पडत्या वर्षांविषयी बोलले. त्या काळी मी परगावी होतो, आणि यातले पुष्कळसे मला ठाऊकच नव्हते. मंदिर बंद होण्याची वेळ झाल्याचे सेवकाने सांगितले तेव्हा भाऊच म्हणाले, “चल, उशीर झाला.” उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि गाडीपर्यंत तो सोडला नाही.

मुलांसाठी अबूला मे महिन्यातच जावे. उकाड्यातून सुटका होते आणि तलावाकाठची जत्रा त्यांना आवडते. आम्ही गेलो तेव्हा सूर्यास्ताच्या कड्यापर्यंत वृद्धांना ढकलत नेणारी बाबागाडीही मिळत असे. पण एकदा तरी जानेवारीत जावे. भरपूर लोकरीचे कपडे न्यावेत, कार्यक्रम थोडे ठेवावेत, आणि ज्याच्याशी निवांत बोलायचे वर्षानुवर्षे राहून गेले आहे, त्या घरच्या माणसाला बरोबर न्यावे.