कंपनीची पाटी नको, कागद वाचा!

आमच्या वस्तीतील एक गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले. फंडाचे पैसे हाती येताच मुलाने वापरलेली विजेची मोटार घ्यायचे ठरवले. ‘खुद्द कंपनीच विकते आहे, मग फसवणूक कसली?’ असे त्याचे म्हणणे. बापलेक कागद घेऊन आमच्याकडे आले. गाडी चकचकीत, पण बॅटरीची ताकद किती टक्के उरली, याचा दाखलाच नव्हता! या गाडीत सर्वांत महाग भाग बॅटरीच.

दुसरी गोष्ट हमीची. उदाहरणार्थ, २०२४ साली आलेल्या एमजी विंडसरला बॅटरीची आयुष्यभराची हमी पहिल्या मालकापुरतीच दिली. दुसऱ्याला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी भरेल ते.

तिसरी गोष्ट कराची. नव्या विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. परंतु जानेवारी २०२५ पासून व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या गाडीवर, सर्वसाधारणपणे त्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर, १८ टक्के. म्हणून किंमत व कर वेगवेगळे लिहून मागावेत.

मुलाने इसार थांबवला आणि बॅटरीचा दाखला लेखी मागितला. बंधू-भगिनींनो, हा आयुष्यभराच्या घामाचा पैसा आहे. सही करण्याआधी कागद वाचा. समजला नाही तर जाणत्याकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही!