एफटी८ मधील जास्तीचे पट्टे : साइडबँड की परावर्तन?

अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशनच्या धड्यात वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना साइडबँड कसे तयार होतात ते आपण पाहिले. तेच गणित हौशी रेडिओच्या डिजिटल संदेशवहनात नको असताना कसे डोकावते, ते या टिपणात पाहू.

उदाहरण

समजा, चेन्नईत एग्मोर भागातील एका इमारतीच्या गच्चीवर २० मीटर बँडचा अँटेना आहे. रिसीव्हर १४.०७४ मेगाहर्ट्झवर आहे आणि तुम्ही एफटी८ ऐकत आहात. या पद्धतीत ८ स्वर वापरतात. दोन स्वरांतील अंतर ६.२५ हर्ट्झ, एकूण रुंदी ५० हर्ट्झ आणि संदेशाचा काळ १२.६४ सेकंद असतो. वॉटरफॉलवर १५०० हर्ट्झला शहरातील एका केंद्राचा ठळक पट्टा दिसतो. शिवाय १४०० आणि १६०० हर्ट्झला त्याचेच फिकट पट्टे दिसतात, आणि तिन्ही ठिकाणी एकच कॉलसाइन उलगडते. असे का होते?

पहिले कारण : १०० हर्ट्झचे मॉड्युलेशन

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. पूर्ण-तरंग रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. ही लहर प्रेषकाच्या पुरवठ्यात शिरली, की सिग्नलची तीव्रता सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. मॉड्युलेशन फक्त २ टक्के धरा. प्रत्येक साइडबँडचा आयाम मूळच्या निम्मा टक्का नव्हे, तर १ टक्का येतो (०.०२ ÷ २ = ०.०१), म्हणजे −४० डेसिबल. मूळ सिग्नल +२० डेसिबलचा असेल तर साइडबँड −२० डेसिबलला येतो. एफटी८ साधारण −२१ डेसिबलपर्यंत उलगडते, म्हणून ही नक्कलही वाचली जाते. दोन्ही नकला केवळ सरकलेल्या असतात, स्वरांचा क्रम उलटत नाही. त्यामुळे संदेश तोच राहतो.

प्रेषक निर्दोष असतानाही असे होऊ शकते. रेडिओ लहर इमारतीच्या वायरिंगमध्ये शिरून एखाद्या चार्जरच्या डायोडपर्यंत पोहोचते. डायोड सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात, त्यामुळे वायरिंगवरून परत फेकली जाणारी लहरही त्याच ठेक्यात बदलते. येथे परावर्तनातूनच साइडबँड जन्मतो.

दुसरे कारण : हलता परावर्तक

मीनंबाक्कमच्या विमानतळाकडे उतरणारे विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७० मीटर वेगाने येते असे धरा. १४.०७४ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २१.३ मीटर आहे. डॉप्लर सरक जास्तीत जास्त २ × ७० ÷ २१.३, म्हणजे सुमारे ६.६ हर्ट्झ. ही सरक एफटी८ च्या एका स्वर-अंतराएवढी आहे. त्यामुळे नवा पट्टा सुटा दिसत नाही, मूळ पट्टाच फराटल्यासारखा होतो. स्थिर वाहक लहर असेल तर शेजारी तिरकी रेघ दिसते. विमान जवळ येताना ती वरच्या बाजूला असते, दूर जाताना खालच्या बाजूला.

तिसरे कारण : ऑडिओ जास्त देणे

७०० हर्ट्झचा स्वर गरजेपेक्षा जोरात दिला, तर १४०० आणि २१०० हर्ट्झला हार्मोनिक येतात. त्यांतील स्वरांचे अंतर अनुक्रमे दुप्पट आणि तिप्पट झालेले असते, म्हणून ते उलगडत नाहीत.

निदान कसे कराल?

१. पट्टे दोन्ही बाजूंना समान अंतरावर आणि स्थिर असतील, तर विजेचा संबंध तपासा. रेघ सरकत असेल, तर हलता परावर्तक शोधा.
२. इतर जोरकस केंद्रांभोवतीही ±१०० हर्ट्झला पट्टे दिसत असतील, तर दोष बहुधा तुमच्याच बाजूला आहे.
३. रिसीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. पट्टे गेले, तर वीजपुरवठा दोषी. राहिले, तर घरातील चार्जर एकेक करून बंद करा.
४. दोषी उपकरण सापडल्यावर त्याच्या तारेवर फेराइट चोक बसवा.

ही शिस्त का हवी? सुमारे ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात जगभरातील केंद्रे दाटीने बसतात. ५० हर्ट्झच्या हिशोबाने तेथे जेमतेम ६० जागा होतात. एका केंद्राच्या दोन नकला दोन जागा अडवतात आणि त्यांखाली दूरचे क्षीण केंद्र बुडते. शिवाय दुसरी पायरी गाळली, तर निर्दोष केंद्राला 'तुमचा सिग्नल खराब आहे' असे कळवले जाईल, आणि ते बिचारे नसलेला दोष शोधत बसेल.

स्वाध्याय : तेच विमान १४४ मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त किती डॉप्लर सरक देईल? (उत्तर : सुमारे ६७ हर्ट्झ.) यावरून, केवळ पट्ट्याचे अंतर पाहून कारण ठरवणे का पुरेसे नाही, ते स्पष्ट करा.