घरचा स्टुडिओ (भाग ९) : हजार आवाजांतले पाच

घरी संगीत करणाऱ्याचा पहिला तास बहुधा आवाज शोधण्यात जातो. चाल सुचलेली असते, कीबोर्ड संगणकाला जोडलेला असतो आणि चालीखाली मंद भरून राहील असा एखादा पॅड हवा म्हणून प्रीसेटची यादी उघडली जाते. यादीत हजार पॅड असतील आणि एकेकाला फक्त दहा सेकंद दिली, तरी सगळे ऐकायला सुमारे पावणेतीन तास लागतात. तोवर मुखडा विसरलेला असतो, निदान त्याची गोडी तरी ओसरलेली असते.

ही गर्दी फार जुनी नाही. १९७० साली आलेल्या मिनीमूग सिंथेसायझरला स्मरणशक्तीच नव्हती. मनाजोगा आवाज लागला की सगळ्या खुंट्यांच्या जागा कागदावर उतरवून ठेवायच्या, नाहीतर तो गेला. १९७८च्या प्रॉफेट-५मध्ये ४० आवाज साठवता येऊ लागले. १९८३मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणारी मिडी ही सामाईक पद्धत ठरली. तिच्यात आवाज बदलण्याच्या सूचनेला १२८ क्रमांक होते. त्याच वर्षीच्या यामाहा डीएक्स७मध्ये एका वेळी ३२ आवाज असत. त्यावर स्वतःचा आवाज घडवणे इतके किचकट होते, की बहुतेकांनी कारखान्यातून आलेलेच वापरले. त्यातला इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या हळव्या इंग्रजी गाण्यांत कंटाळा येईपर्यंत ऐकू येतो. १९९१च्या जनरल मिडीने १२८ आवाजांची सर्वमान्य यादी ठरवली. तिच्यात १०५व्या क्रमांकावर सतार आहे आणि ११२व्यावर शहनाई, मग कीबोर्डमधून प्रत्यक्षात काहीही वाजो. १९९६मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही प्लगइनची, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या कार्यक्रमांची, पद्धत आणली आणि १९९९पासून तिच्यात वाद्येही बसू लागली. तेव्हापासून आणखी एक आवाज म्हणजे डिस्कवरची थोडी जागा, एवढाच हिशेब उरला. मर्यादा पूर्वी यंत्र घालून देई. आता ती वादकाने स्वतः घालून घ्यावी लागते.

पर्याय वाढले की निवड अडते, या समजुतीमागे एक गाजलेला प्रयोग आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका किराणा दुकानात चाखण्यासाठी कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. मोठ्या मांडणीपुढे माणसे जास्त थांबली. पण खरेदी तिथे थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच केली, तर छोट्या मांडणीपुढच्या ३० टक्क्यांनी. गोष्ट इथे संपवायची पद्धत आहे. मात्र २०१०मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. गर्दी दर वेळी अडवत नाही. आपल्याला काय हवे हे ज्याला आधीच ठाऊक नसते, त्याला ती अधिक अडवते. घरच्या स्टुडिओला उपयोगी पडणारा धागा हा आहे. यादी लांब असणे हा निम्माच त्रास. ती रिकाम्या मनाने उघडणे हा उरलेला.

म्हणून आवाजाआधी त्याचे काम ठरवावे. मराठी माणसाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. संगीत नाटकाची साथ ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढ्यावर उभी असे. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला थिरकवाँ होते, सारंगीला कादरबक्ष. ऑर्गन स्वराचा सलग आधार देई, सारंगी गळ्यामागून मिंड घेत जाई, तबला काळ बांधून ठेवी. तिन्ही कामे वेगळी, म्हणून तिघांची एकमेकांत अडचण नसे. घरी केलेल्या गाण्यातही कामे फार तर पाच असतात: ठेका, खालचा बेस, मधला भरणा, मुख्य धून आणि अधूनमधून येणारी नक्षी. पट्ट्याही बऱ्याचशा ठरलेल्या असतात. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते, तर कानाची सर्वाधिक तीक्ष्णता साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. व्यंजनांची स्पष्टताही बरीचशी याच भागात असल्यामुळे, मधल्या भरण्यासाठी निवडलेला झगमगीत पॅड गायकाचे शब्द खातो. ‘छान पॅड’ असा शोध संपत नाही. ‘गळ्याच्या खाली राहणारा, हळू उगवणारा, चमक नसलेला पॅड’ असा शोध चौथ्या-पाचव्या आवाजाला संपतो, कारण बाकीचे ऐकताक्षणी बाद होतात.

पाच कामांना प्रत्येकी हजार आवाज धरले, तर जुळण्या एकावर पंधरा शून्ये इतक्या होतात. कामागणिक आठच ठेवले तर ३२,७६८. तेही एका आयुष्याला पुरून उरतात! स्वयंपाकघरात वाण्याचे अख्खे दुकान नसते, मिसळणाचा डबा असतो. सहा-सात वाट्या, हात न बघता जाईल अशा. तसाच डबा सॉफ्टवेअरमध्ये करता येतो. बहुतेक कार्यक्रमांत आवडीचे प्रीसेट खूण करून वेगळे ठेवण्याची किंवा ठरावीक ट्रॅक व वाद्ये आधीच मांडलेला टेम्प्लेट जपण्याची सोय असते. डबा भरण्याचे काम मात्र चाल बांधण्याच्या बैठकीत करू नये. शोधण्याचा दिवस वेगळा, रचण्याचा वेगळा. रचताना सगळे काही साध्या पियानोवर आणि एका ठेक्यावर उतरवावे. पियानोवर जी चाल उभी राहत नाही, ती सहसा पॅड बदलूनही उभी राहत नाही.

शोधण्याच्या दिवशीही कान फसतात. दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज चांगला वाटतो; म्हणून तुलना करताना दोघांची पातळी कानाला सारखी करून घ्यावी. प्रीसेट हा विकाऊ माल आहे, तो दुकानात उठून दिसावा असा घडवलेला असतो. एकच स्वर दाबला की खोलवर रिव्हर्ब, दोन्ही बाजूंना पसरलेला प्रतिध्वनी, खाली जाड बेस. असे पाच आवाज एकत्र आले की गाण्यात चिखल होतो. रिव्हर्ब आणि डिले बंद करून, बाकीचे ट्रॅक वाजत असतानाच आवाज ऐकावा. एकटा ऐकताना बारीक, थोडा गरीब वाटणारा आवाज पुष्कळदा गर्दीत नेमका बसतो. सलग तासभर प्रीसेट ऐकल्यावर कान थकतो आणि निवड भरवशाची राहत नाही. मध्ये खरोखर उठून चहा घ्यावा.

मोजक्या आवाजांतून काय निघू शकते, याचा नमुना मुंबईतच घडला. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बांधून एक तबकडी केली. साधने तीन, तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. ८०८मध्ये सोळा तालध्वनी. ३०३ला एका वेळी एकच स्वर येई, आवाज फिरवायला मोजक्या खुंट्या. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. गिटारवाल्याच्या बेसची जागा घ्यावी म्हणून बनलेले हे यंत्र त्या कामात फारसे चालले नाही. सिंग यांच्या हातात मात्र तीच घसरण मिंडेचे काम करते आणि ज्युपिटर वरून यमन, मालकंस, मेघमल्हार मांडत राहतो. तबकडी त्या वेळी कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी श्रोत्यांना तिच्यात शिकागोच्या अॅसिड हाऊसची आधीच लागलेली चाहूल ऐकू आली, कारण त्या संगीताचा कणाही ३०३च होता. आज या तिन्ही यंत्रांच्या सॉफ्टवेअर नकला घरच्या संगणकावर एकाच वेळी चालतात.

निवड झाली की ती पक्की करावी. मिडी ट्रॅक जोवर मिडी आहे, तोवर आवाज बदलण्याची वाट उघडी राहते आणि मन पुन्हा तिकडे धावते. ट्रॅक ऑडिओत उतरवला की ती बंद होते. संगणकावरचा भारही कमी होतो. मूळ मिडी बाजूला जपून ठेवायला हरकत नाही. पण ऑडिओ प्रत हवीच: काही वर्षांनी कार्यप्रणाली बदलते, प्लगइनचा परवाना संपतो, आणि जुना प्रकल्प उघडल्यावर वाद्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. साधी वेव्ह फाइल तेव्हाही वाजते.

(पुढील भागात : घरच्या खोलीत माइक कुठे ठेवावा)