कुलपाचे गुपित फुटले तर?

दिवाळीला गावी निघताना आपण दाराला कुलूप लावतो, दोनदा ओढून पाहतो आणि निर्धास्त होतो. पण त्याच जातीचे कुलूप किल्लीवाचून कसे उघडावे, हे कुणी छापून प्रसिद्ध केले तर? आपला पहिला राग त्या छापणाऱ्यावरच निघेल!

हा वाद जुनाच आहे. १८५१ साली, लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी, आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन गृहस्थाने चब आणि ब्रामा यांची अभेद्य मानलेली कुलपे उघडून दाखविली. चोरांना शिकविता काय, असा ओरडा झाला. हॉब्सचे म्हणणे असे, की चोरांना ते आधीच ठाऊक असते. अंधारात राहतो तो घरमालक.

आज अशी कुलपे संगणकात आहेत. त्यातले भोक बुजविणाऱ्या दुरुस्तीला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. आणि भोकातून आत शिरण्याच्या तयार हत्याराला ‘एक्स्प्लॉइट’. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी असेच एक ठिगळ दिले. बरोबर महिन्याने ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या अज्ञात टोळीने त्या भोकाचे हत्यार, ‘इटर्नलब्ल्यू’, जगजाहीर केले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच वाटेने दीडशे देशांत शिरला आणि संगणक अडवून खंडणी मागू लागला. इंग्लंडच्या इस्पितळांत हजारो रुग्णांना परत जावे लागले.

ठिगळ हाती येऊन दोन महिने होत आले होते. मग ते लावले का नाही? आळस हे अर्धेच उत्तर झाले. ठिगळामुळे तपासणीचे जुने यंत्रच बंद पडले तर? चालू काम थांबवायचे केव्हा? ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणणाऱ्याची अडचण खोटी नसते. मात्र हत्यार चव्हाट्यावर आले, की सबबीची मुदत संपते.

हे आपल्याही दाराशी आले. त्याच वर्षी २७ जूनला युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ पसरला. त्याच्याजवळ हेच हत्यार होते. शिवाय एका संगणकातून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी तो ठिगळ लावलेल्या शेजाऱ्यांतही घुसे. मार्स्क या जहाज कंपनीचा कारभार कोलमडला आणि तिच्या समूहाच्या न्हावाशेवा येथील धक्क्यावरचे काम अडले. एकाची दिरंगाई, शिक्षा साऱ्या आळीला!

म्हणून आज बरेच संशोधक मधला मार्ग धरतात. दोष सापडला, की तो आधी कारखानदाराला खासगीत कळवायचा, दुरुस्तीला बहुधा ९० दिवस द्यायचे आणि मगच बोभाटा करायचा. त्या मुदतीच्या धाकाने कारखानदार हलतो. पण ठिगळ निघताच चोरही ते उलगडून भोक कोठे होते ते हेरतो. तेव्हा शर्यत सुरू होते, आणि त्या शर्यतीत धावायचे असते आपल्याला.

वाचकहो, फराळाच्या गडबडीत फोनवर ‘नवी दुरुस्ती आली आहे’ अशी सूचना आली, तर ‘नंतर’वर बोट ठेवण्यापूर्वी दाराचे ते कुलूप आठवा. ओढून पाहायला क्षणभरच लागतो.